टोपड्यातली बारावी ओळ

१

दुपारी अडीच ते चार ही वेळ माझी. तेवढ्यात कुणी बेल वाजवली तर मी दार उघडत नाही, मग ती शेजारची उषाबाई असो की गॅसवाला. भांडी घासून झालेली असतात, आमचे हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाच्या टाक्यांशी भांडत असतात, पोरगा योगराज दुकानावर असतो, आणि पंख्याखाली मी, दोन सुया आणि लोकरीचा गुंडा. गल्लीतल्या बाकी बायका त्या वेळी दारात बसून साड्यांना चमकत्या टिकल्या चिकटवतात. वीस वर्षं मीही चिकटवल्या. पण या दिवाळीनंतर मी साड्यांचं पोतं परत पाठवलं आणि शेठला सांगून टाकलं, आता होळीपर्यंत काम नाही, घरात पहिलं नातवंड येतंय, टोपडं विणायचंय.

"सुरतेत कसली लोकर गं प्रमिला, इथं जानेवारीतसुद्धा पंखा लागतो," असं म्हणून उषाबाई हसते. हसू दे बिचारीला. आमच्या घरातलं टोपडं थंडीसाठी नसतंच मुळी.

ही रीत माझ्या सासूबाईंची, धुरपदाबाईंची. अमळनेरकडच्या खेड्यातून त्या सुरतेला आल्या तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि दुधी रंगाच्या लोकरीचा एक गुंडा होता, त्यांच्या आजीच्या हातचा. बाळ येणार असलं की टोपडं नव्या लोकरीचं विणायचं, पण कपाळावर येणारी पट्टी मात्र त्या दुधी लोकरीची. बाळ वर्षाचं झालं की पट्टी उसवायची, लोकर धुऊन वाळवून पुन्हा गुंडा करायचा, पुढच्या बाळासाठी. म्हणजे ह्यांच्या कपाळावर होती तीच लोकर योगराजच्या कपाळावर, तीच माझ्या लेकीच्या, धनश्रीच्या.

आणि त्या पट्टीच्या ओळी मोजायच्या नाहीत. सासूबाईंना मोजणी यायची, बाजारात भल्याभल्यांना गप्प करायच्या, पण पट्टी विणताना मोजायला बंदी. "मोजानं काम दुकानदारनं," त्या अहिराणीत म्हणायच्या. "नाव ले, मंग ओळ वीण." घरातून जे गेले त्यांचं एकेक नाव घ्यायचं आणि नावामागे एक ओळ घालायची. ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं. म्हणजे सगळी गेलेली माणसं बाळाच्या कपाळाला हात लावून जातात, असं त्यांचं म्हणणं. अट एकच, ज्याचं बारसं झालं होतं, ज्याला नाव होतं, त्यालाच ओळ. ह्यांच्या आधी सासूबाईंची दोन पोरं लहानपणीच गेली होती, पुना आणि तोताराम. त्यांची बारशी झाली होती, म्हणून ती यादीत. त्या दोघांनंतर देवाकडे भीक मागून मिळाले म्हणून ह्यांचं नाव भिकन ठेवलं. मिलमध्ये सगळे भिकन मास्तर म्हणतात, मी काही म्हणत नाही, मी 'अहो'वर भागवते.

सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. आता पट्टी विणायची पाळी माझी. नावं मला पाठ होती. झिपरू, मंजुळा, पुना, तोताराम, गंगूबाई, रामा, सखुबाई, मग माझे सासरे धुडकू बाबा, काशीनाथ काका, लीलाबाई आणि शेवटी स्वतः सासूबाई. अकरा.

२

डिसेंबरातल्या एका मंगळवारी मी पट्टी पूर्ण केली. शेवटचं नाव 'आई' असं घेतलं, ओळ संपवली, सुई खाली ठेवली आणि पट्टीवरून बोट फिरवलं. मोजायचं नसतं हे मला माहीत होतं. पण मी दहावीपर्यंत शिकलेली बाई, माझं बोट आपोआप मोजतं. बारा भरल्या.

चुकलं असेल म्हटलं. मध्ये कुकरची शिट्टी झाली होती. उसवली, पुन्हा विणली. नावं मोठ्यानं घेतली, जिभेला गाठ पडेल इतकी सावकाश. पुन्हा बारा.

एक ओळ म्हणजे केवढी हो, करंगळीच्या नखाच्या निम्मी. टोपडं त्यानं मोठं होत नाही की लहान होत नाही. बुधवारी मी पंखा बंद केला, मोबाइल बंद केला, पदर खोचून बसले. बारा. गुरुवारी जागा बदलली, पलंगावर बसले. बारा. शुक्रवारी मी सुई अशी आपटली की आत झोपलेली चंचल ओरडली, "मम्मी, शुं थयुं?"

चंचल माझी सून. जन्म सुरतेचा, कोसाडच्या कॉलनीतली. घरात अहिराणी ऐकते, बोलते गुजराती, आणि माझ्याशी दोन्हींची भेळ. तिच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं. आठवा महिना लागला होता आणि डॉक्टरनी प्रेशर जरा जास्त सांगितलं होतं.

"काही नाही, सुई पडली," मी म्हटलं.

पण ती सुई मी पुन्हा उचलली नाही. कारण ती ओळ कुणाची, हा प्रश्न मी चार दिवस टाळत होते. पट्टीवर येतात ती फक्त गेलेली माणसं. अकरा गेली. मग ही बारावी कुणासाठी जागा धरून बसली आहे? दारातून समोर चंचल दिसत होती, पोटावर हात ठेवून कुशीवर वळलेली.

३

त्यानंतरचा महिना मी घरादाराचं जगणं हराम केलं, हे मान्य करते.

ह्यांना मी दवाखान्यात छातीचा ईसीजी काढायला नेलं. "अगं पण मला काय झालंय?" "काही झालं नाही हेच कागदावर पाहिजे." रिपोर्ट चांगला आला तर मी म्हटलं, मशीन जुनं दिसतंय, दुसरीकडे काढू. योगराजच्या गाडीची चावी कपाटात टाकली, त्याला रिक्षानं दुकानात धाडलं. त्याचे मित्र हसले तर तो माझ्यावर चिडला. धनश्रीला नवसारीला रोज तीन फोन. "आई, मी ऑफिसात आहे, मी जिवंत आहे, ठेवू?" म्हणायची.

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, तर मी कहर केला. सुरतेत त्या दिवशी जो गच्चीवर जात नाही तो माणसात नाही. सकाळी सातपासून सगळ्या गच्च्यांवरून 'काप्यो छे' सुरू, खाली उंधियूचा वास, आणि ह्यांना मी घरात कोंडलं. रंगाच्या मिलमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, मांजा स्वतः रंगवतो, पोरांसारखा वर्षभर त्या दिवसाची वाट बघतो. जिन्याच्या दाराला मी आतून कुलूप घातलं आणि चावी कमरेला लावली.

"प्रमिला, खरं सांग. ज्योतिषाकडे गेली होतीस का?"

"मी? ज्योतिषाकडे? मी काय खुळी आहे?"

"मग चावी दे."

"कठडा किती ठेंगणा आहे, बघितला का कधी?"

शेवटी चंचलच मधे पडली. तिनं ह्यांना कमरेला दोरी बांधून वर पाठवलं आणि दोरीचं दुसरं टोक योगराजच्या हातात दिलं. ते सोंग बघून अख्खी गल्ली हसत होती. हे वरून ओरडत होते, पतंग मी उडवतोय की हा मला! मीही हसले. खूप दिवसांनी हसले, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं.

चंचलनं ते बघितलं. खाली आल्यावर माझ्यासमोर तिळाची चिक्की ठेवली आणि म्हणाली, "मम्मी, आता बोला. टेन्शन कशाचं छे?"

मग मी तिला सांगितलं. सगळं नाही, कसं सांगणार? पट्टीवर कोण येतं ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की अकरा नावं घेते आणि ओळी बारा होतात.

"बस? एवढंच?" तिनं मोबाइल काढला. "तुम्ही विणा, मी व्हिडिओ लेते. रीलपण होऊन जाईल."

४

मी विणलं, तिनं शूटिंग केलं. नावामागे नाव, ओळीमागे ओळ. संपल्यावर मी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं नखानं मोजली. बारा. तिचा चेहरा जरासा उतरला. मग आम्ही दोघी पलंगावर शेजारी बसलो आणि व्हिडिओ बघितला.

झिपरू. मंजुळा. पुना. तोताराम. गंगूबाई. रामा. सखुबाई. इथपर्यंत सगळं मला आठवतं तसं होतं.

सखुबाईच्या नावाची ओळ संपते. आणि मोबाइलमधली मी डोळे मिटते. ओठ मिटलेले. सुया थांबत नाहीत. त्या जरा हळू चालतात, एरवी मी विणते त्यापेक्षा हळू, आणि माझ्या बंद ओठांतून आवाज येतो, हं, हं, हं, मांडीवरच्या बाळाला थोपटताना काढतात तसा. अख्खी एक ओळ होते. मग मी डोळे उघडते आणि म्हणते, "धुडकू बाबा." जणू मधे काहीच झालं नाही.

यातलं काहीसुद्धा मला आठवत नव्हतं.

"जुओ ने, सापडलं!" चंचल टाळी वाजवून म्हणाली. "तुम्हीच विणता मम्मी! तुम्हाला खबरच नाही!"

तिचं खरं होतं. माझ्या डोक्यालाही ते लगेच पटलं, कारण ते हं मी ओळखलं होतं. ते सासूबाईंचं. त्याही पट्टी विणताना त्याच जागी हं करायच्या, आणि त्याचं कारण मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मेल्यानंतरसुद्धा नाही. सखुबाईच्या नंतर कोण? धुडकू बाबा, त्यांचे मालक. नाव कसं घेणार? म्हणून हं. मी ऐकून ऐकून तेही शिकले आणि वर नावही घेतलं, म्हणून एक ओळ जास्त. झालं, संपलं. इतकं साधं! मी चंचलच्या गालावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि चहा टाकायला उठले.

"मम्मी, एक मिनिट," ती म्हणाली. "हे ऐकलं?"

तिनं तो भाग पुन्हा लावला, आवाज वाढवून. हं, हं, हं. सुया थांबतात. आणि मी डोळे उघडायच्या आत, अगदी बारीक, दूध पिऊन झाल्यावर तान्हं बाळ करतं तसं कुणीतरी म्हणतं, ऊं.

"बाजूच्यांचं बेबी असेल," चंचल म्हणाली.

बाजूला उषाबाई राहते. तिचं सगळ्यात धाकटं बेबी बावीस वर्षांचं आहे आणि पोलीस भरतीची तयारी करतं.

"असेल," मी म्हटलं.

चहा उतू गेला. मी गॅस पुसत उभी राहिले आणि मला एक दुपार आठवायला लागली. सासूबाई दारात योगराजचं टोपडं विणतायत. नावं घेतायत. सखुबाई म्हणतात, मग हं, हं. आणि त्यांच्यासमोर उंबऱ्यात बसून तंबाखू मळतायत ते धुडकू बाबा. जिवंत. त्यानंतर नऊ वर्षं जिवंत होते ते.

मग ते हं कुणाचं होतं?

मला उत्तर सुचायला फार वेळ लागला नसता. पण मी पातेलं घासायला घेतलं, इतकं घासलं की हात दुखले. काही दारांवरून माणूस अठ्ठावीस वर्षं तोंड फिरवून गेलं की पुढे मान आपोआप वळते.

५

फेब्रुवारीत, तारखेच्या बारा दिवस आधी, सकाळी नऊला चंचलच्या पोटात दुखायला लागलं. दवाखाना दोन चौक पलीकडे. योगराजनं रिक्षा आणली, त्याच्या गाडीची चावी अजून माझ्या कपाटात होती ना. ह्यांनी मिलमध्ये फोन करून सुट्टी सांगितली. मी पिशवी उचलली. पिशवीत बाळुती, सुती दुपटं, सुंठीची डबी, आणि टोपडं, सुयांवर, बारा ओळींचं, वरचा भाग अजून बाकी.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी ते काढलं. एकच विचार, बाळ बाहेर यायच्या आत ही ओळ काढून टाकायची. उसवलं, विणायला घेतलं. या वेळी डोळे मिटायचे नाहीत, ओठ मिटायचे नाहीत. सखुबाई झालं आणि मी मोठ्यांदा "धुडकू बाबा!" असं ओरडले तर वॉर्डबॉय दचकला. मोजल्या. बारा.

अकरा वाजता आतून रडण्याचा आवाज आला. खणखणीत! योगराज उडीच मारून उठला, हे माझा हात धरून "ऐकलं का, ऐकलं का" करत राहिले. मुलगी. दोन किलो सातशे. आई बरी आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या वॉर्डबॉयलाच पेढा दिला, आणि पेढे अजून आणलेच नव्हते, तो उषाबाईनं देवाच्या प्रसादाचा बांधून दिलेला होता.

मग लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, हातात कागद होता. "आजी तुम्ही ना? थोडी माहिती हवी. मुलीच्या बाबांना जन्मल्यावर कावीळ झाली होती का?"

"झाली होती थोडी. उन्हात ठेवला होता."

"आणि घरात आधी कुठलं बाळ गेलं आहे का? जन्मल्यावर थोड्या दिवसांत?"

"नाही," मी म्हटलं. "योगराज माझा पहिला."

त्यांनी कागदावर लिहिलं आणि त्या वळल्या. मांडीवर टोपडं होतं. मी सुया धरल्या नव्हत्या. पण त्या खोलीच्या दाराबाहेर, फिनेलच्या वासात, दिवसाढवळ्या, माझ्या कानाशी कुणीतरी ओठ मिटून हं केलं. थोपटून थोपटून. थांबलं. आणि त्यानंतर ते छोटं ऊं झालं नाही. मी श्वास धरून वाट बघितली, तरी झालं नाही.

"अहो बाई!" मी धावले. टोपडं खाली पडलं. "होती. एक होती. मुलगी. योगराजच्या दोन वर्षं आधी. तीन दिवस होती."

मागे हे उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भर रस्त्यात त्यांचं नाव घेतलं.

"कशानं गेली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पिवळी पडली होती म्हणे. दुसऱ्या दिवसापासून. मला माहीत नाही. मला पोट कापून ताप भरला होता, मी शुद्धीत नव्हते. मी उठले तेव्हा सगळं आटपलं होतं." मी परत बाकावर टेकले आणि मला रडू फुटलं. वीस वर्षांची असताना जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं त्या बाकावर आलं. "मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही हो."

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आता हिला आम्ही नजरेआड करणार नाही."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची चिमुरडी पिवळी पडायला लागली. पण तोवर तिच्या रक्ताच्या तपासण्या होऊन गेल्या होत्या. तिला लगेच निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांना पट्टी बांधून. नुसत्या लंगोटात पाय पसरून पडली होती, अगदी ऐटीत. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी घरी जायला सांगितलं. "एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं," एवढं बोलल्या आणि दुसऱ्या बाळाकडे गेल्या.

त्या चार दिवसांत दवाखान्याच्या गॅलरीत आम्ही नवराबायको पहिल्यांदा तिच्याबद्दल बोललो. हे म्हणाले, बाबांनी सांगितलं होतं तिच्यासमोर विषय काढायचा नाही, ती विसरेल. सासूबाईंनीही मला तेच सांगितलं होतं, विसर बाई, दुसरं होईल. मी सगळ्यांचं ऐकलं. आणि त्याच सासूबाई तीन वेळा, चार वेळा, घरातल्या दर टोपड्यात, सगळ्यांदेखत तिची ओळ घालत राहिल्या. नाव नव्हतं, नियमात बसत नव्हती, तर ओठ मिटून घातली. ती कुठे येते? सखुबाईच्या नंतर आणि धुडकू बाबांच्या आधी. अगदी बरोबर जागेवर.

मी ज्या ओळीला महिनाभर भीत होते, दहा वेळा उसवत होते, ती माझीच पोर होती. एवढं वाईट वाटलं मला. आणि खरं सांगू? तेवढाच आनंद झाला. तिला कुणीतरी आठवलं होतं.

"नाव काय ठेवणार होतीस?" ह्यांनी विचारलं.

कुणी कधी विचारलंच नव्हतं. "स्वाती," मी म्हटलं.

७

बारसं होळीनंतरच्या रविवारी. गल्लीत मांडव, कोसाडची सगळी मंडळी टेम्पो भरून आली, पुरणाच्या पोळ्या, वर सुरतेच्या रीतीनं आइस्क्रीम. ह्यांनी मिलमधून पाळण्याला बांधायला सात रंगांच्या पट्ट्या रंगवून आणल्या होत्या. उषाबाई नटून पुढे. धनश्री बाळाची आत्या, नाव तिनं सांगायचं, म्हणून नवी पैठणी नेसून मिरवत होती.

आमच्यात बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला घालतात. मसाला वाटायचा काळा दगड, त्याला धुऊन, कुंकू लावून, बाळाचं टोपडं चढवायचं आणि एकीनं पाळण्यावरून द्यायचा, दुसरीनं खालून घ्यायचा. पोर दगडासारखं दणकट व्हावं म्हणून. बायकांना त्यात फार मजा, वरवंट्याला काजळ काय लावतील, मुके काय घेतील. माझ्या घरचा वरवंटा सासूबाईंचाच. सकाळी मी तो धुतला तेव्हा बर्फासारखा गार होता.

मी त्याला टोपडं चढवलं, बारा ओळींचं. "प्रमिलाबाई, दगडाला काय नाव ठेवता?" असं कुणीतरी चेष्टेनं ओरडलं आणि हशा पिकला.

"ठेवते ना," मी म्हटलं.

तो छातीशी घेतला आणि तोंड त्याच्या टोपड्याशी नेलं. "स्वाती," मी म्हटलं. "स्वाती भिकन." होय, घेतलं नाव. बापाचं नाव घेतल्याशिवाय पोरीचं नाव पुरं कसं होणार?

आणि हातातला दगड कोमट लागला. उन्हात ठेवल्यासारखा नाही, मानेखालून हात घातल्यावर लागतो तसा. वजन दंडावर सैल पडलं. ढोलकी वाजत होती, बायका हसत होत्या, कुणाचंही लक्ष नव्हतं. मी टोपड्याची कड अंगठ्यानं जराशी वर सारली.

मी किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही. पापणी लवली तेवढाच असेल. मग धनश्रीनं पाळण्याखालून हात पुढे केले, "आई, दे ना, किती वेळ!" आणि मी दिला. तिनं घेतला, "बापरे, केवढा गार आहे," म्हणाली, आणि बायकांनी तिच्या हातून ओढून त्याच्या कपाळाला आणखी कुंकू फासलं. साधा काळा दगड.

मग टोपडं आमच्या खऱ्या बाळाच्या डोक्यावर चढलं. असं बसलं की जणू माप घेऊन विणलेलं. धनश्रीनं कानात नाव सांगितलं, हिरल, पाठीवर बायकांनी तिला धपाधप बुक्के घातले, आणि हिरल त्या सगळ्या गोंधळात जांभई देऊन झोपली.

चार वाजता मांडव उतरत होता. हे खुर्चीवर बसून उरलेलं आइस्क्रीम खात होते, मी मना केलेलं. मी शेजारी बसले. ओरडले नाही.

"अहो," मी म्हटलं, "तिचं नाक आईंसारखं होतं. शेंड्याला चपटं."

आयुष्यभर ज्या नाकाची मी पाठीमागे टिंगल केली, ते नाक. ह्यांचा चमचा थांबला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं नदीपर्यंत ह्यांनीच नेलं होतं, बाबांच्या मागून चालत, आणि त्याबद्दल कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

कुणाचं नाक, असं ह्यांनी विचारलं नाही. मला कसं कळलं, असंही नाही.

"हां," हे म्हणाले. मग घरच्या बोलीत म्हणाले, "आईनंच नाक व्हतं. मी देखेल व्हतं."

मग त्यांनी आइस्क्रीमचा कप माझ्या हातात दिला, आणि आम्ही दोघांनी तो संपवला.